हात पोहोचत नाही तेथे पत्रा कसा बसवावा

घरातली लोखंडी कढई हातात घ्या. तिचा कान नीट पाहा. हा कान कढईला चिकटवलेला नाही. दोन ठोकळ खिळे कढईच्या आरपार गेले आहेत आणि त्यांची टोके ठोकून पसरवली आहेत. अशा ठोकलेल्या खिळ्याला रिव्हेट म्हणतात. कारखान्यात कोणी रिबीट म्हणतात. शब्द कोणताही वापरा, वस्तू एकच.

एस.टी.च्या जुन्या लाल गाड्या तुम्हाला आठवत असतील. त्यांचे अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे होते. खिडकीखाली, दाराजवळ, छताला लहान लहान गोल टिकल्यांची रांग दिसायची. त्या टिकल्या म्हणजे रिव्हेटची डोकीच.

आता एक प्रश्न. कढईचा कान बसवताना लोहार एका बाजूने ठोकतो आणि दुसऱ्या बाजूला ऐरणीचा आधार देतो. दोन्ही बाजू त्याच्या हाताखाली असतात. पण मोटारीच्या आत पत्रा बसवायचा असेल तर? पत्र्याच्या मागे लोखंडी चौकट असते. तिच्या मागे बाहेरचा पत्रा असतो. मधल्या फटीत बोटसुद्धा जात नाही. मग मागून आधार कोण देणार? नट कोण धरणार? या लेखात आपण हेच समजून घेऊ.

घरी बांधलेली गाडी

कोणी म्हणेल, मोटार काय घरी बांधतात? होय, बांधतात. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची लहान मोटार स्वतः तयार केली होती. अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातले आहे. कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली याच गावी झाला. तेथील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून एक छोटी चारचाकी गाडी बांधली. दुचाकीसारखी किक मारली की ती सुरू होई. खर्च सुमारे साठ हजार रुपये आला. डिसेंबर २०२१ मध्ये या गाडीचे चित्र देशभर पोहोचले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी ते पाहिले. जुन्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ, असे त्यांनी जाहीर केले. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

गाडी सुंदर होती, मग बदलायची कशाला? महिंद्रांनी कारण स्पष्ट सांगितले होते. अशी गाडी रस्त्यावरच्या नियमांत बसत नाही. आज ना उद्या ती रस्त्यावरून थांबवली जाईल. या कारणाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

घरी गाडी बांधणारा माणूस इंजिन बसवतो, चाके बसवतो. ते काम सर्वांना दिसते. आतले पत्रे मात्र शेवटी राहतात. ते बसवताना माणूस थकलेला असतो. गाडी लवकर चालवून पाहावी, असे मनात असते. घाई तेथेच होते आणि धोकाही तेथेच असतो.

अस्तर आणि सांगाडा

अंगरख्याला आतून अस्तर लावतात, तसाच गाडीच्या आतला पत्रा असतो. आम्ही त्याला अस्तरच म्हणू. पायाखालचा पत्रा, दाराच्या आतला पत्रा, बैठकीमागचा पत्रा, इंजिन आणि पाय यांच्यामधला पत्रा, हे सारे अस्तर. ते धूळ, पाणी, धूर आणि उष्णता अडवते.

अस्तर कपड्याचा भार घेत नाही. भार घेते ते सांगाड्याचे लोखंड. म्हणून एक नियम आधीच सांगतो. आज आपण जे रिव्हेट शिकणार आहोत, ते फक्त अस्तरासाठी. बैठक, बैठकीचा पट्टा, ब्रेकचा पायदान, चाक वळवण्याचा दांडा, यांना हे रिव्हेट कधीही लावू नयेत. तेथे जाड बोल्टच पाहिजेत, आणि ते सांगाड्याच्या भक्कम भागातच बसले पाहिजेत.

एका बाजूने बसणारे रिव्हेट

अडचणीच्या जागेसाठी जे रिव्हेट निघाले, त्याला बाजारात पॉप रिव्हेट म्हणतात. १९१६ साली इंग्लंडात हॅमिल्टन वायली नावाच्या इंजिनिअराने पोकळ रिव्हेट बंद करण्याच्या नव्या रीतीचे पेटंट मागितले. पुढे विमाने बांधण्याच्या कामात त्याने ही कल्पना आणखी सुधारली. विमानाच्या पंखातही माणसाचा हात जात नाही. म्हणजे अडचण आपल्यासारखीच होती.

हे रिव्हेट कसे असते? एक लहान पोकळ नळी. तिच्या एका टोकाला टोपीसारखी कड. नळीतून एक बारीक खिळा आरपार गेलेला. खिळ्याचे फुगीर डोके नळीच्या पलीकडच्या टोकाला असते. त्याचे लांब शेपूट आपल्या बाजूला असते.

भोक पाडायचे. नळी भोकात घालायची. कड पत्र्याला टेकली पाहिजे. मग शेपटावर रिव्हेट गन चढवायची. ही गन म्हणजे एक प्रकारची मोठी पक्कडच. मूठ दाबली की ती शेपूट धरून मागे ओढते. शेपूट ओढले की पलीकडचे फुगीर डोके नळीत घुसू लागते. नळीचे टोक फुगते आणि पसरते. दोन्ही पत्रे कड आणि फुगा यांच्यामध्ये घट्ट दाबले जातात. आणखी ओढले की शेपूट ठरलेल्या जागी ‘टक्’ करून तुटते. काम झाले. पलीकडे हात लावावा लागला नाही.

माप चुकले तर सारे चुकले

आपले जुने मिस्त्री इंच आणि सूत यांत माप सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. अस्तरासाठी एक सुताचे रिव्हेट पुरते. त्यालाच ३.२ मिलिमीटरचे रिव्हेट म्हणतात. जाड कामाला दीड सुताचे, म्हणजे ४.८ मिलिमीटरचे घेतात.

३.२ च्या रिव्हेटला भोक ३.३ मिलिमीटरचे पाडावे. भोक फार मोठे झाले तर नळी सैल बसते आणि गाडी हादरली की खडखडते.

आता लांबी. ती काढण्याचा एक सोपा हिशेब आहे. जोडायच्या सगळ्या पत्र्यांची जाडी मोजावी. तिच्यात रिव्हेटच्या जाडीची दीडपट मिळवावी. समजा, अस्तराचा पत्रा १ मिलिमीटर जाड आहे आणि चौकटीच्या पाइपची भिंत २ मिलिमीटर आहे. बेरीज झाली ३. रिव्हेट ३.२ चे आहे, त्याची दीडपट ४.८. दोन्ही मिळून ७.८. तर ८ मिलिमीटर लांबीचे रिव्हेट मागावे. आखूड घेतले तर पलीकडे फुगा नीट होत नाही. फार लांब घेतले तर पत्रे घट्ट आवळले जात नाहीत.

भोक पत्र्याच्या कडेला अगदी चिकटून पाडू नये. कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत निदान रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट अंतर असावे. आम्ही म्हणू, तीन सूत ठेवा. म्हणजे पत्रा फाटणार नाही. दोन रिव्हेटांमध्ये चार-पाच इंच अंतर अस्तराला पुरते.

आधी पुठ्ठा, मग पत्रा

शिंपी कापड कापण्यापूर्वी माप घेतो. पत्र्याचेही तसेच. प्रथम जाड पुठ्ठ्याचा नमुना करावा. तो जागेवर बसवून पाहावा. कोठे पाइप आडवा येतो, कोठे तार येते, ते पुठ्ठ्यावर खडूने लिहावे. पुठ्ठा चुकला तर पाच मिनिटे जातात. पत्रा चुकला तर पैसे जातात.

मग पत्र्यांचा क्रम ठरवावा. कोणता पत्रा आधी, कोणता मागून? ज्या जागी शेवटी हात पोहोचणार नाही, त्या जागेची भोके सर्वांत आधी पाडावीत. इंजिन आणि बैठक बसवण्यापूर्वी सांगाडा उघडा असतो. ड्रिल सरळ धरता येते. तीच वेळ साधावी. पुठ्ठ्यावरून भोकांच्या खुणा चौकटीवर उतराव्यात आणि भोके पाडून ठेवावीत.

पुष्कळ जण उलटे करतात. गाडी पुरी बांधतात आणि मग वाकून, आडवे पडून, हात वेडावाकडा करून भोके पाडत बसतात. भोक तिरके पडते. तिरक्या भोकात रिव्हेट तिरके बसते. त्याची कड एका बाजूने उचललेली राहते.

पलीकडे काय आहे?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ड्रिल चालवण्यापूर्वी स्वतःला मोठ्याने विचारा, “पलीकडे काय आहे?”

अस्तराच्या मागून तीन जिन्नस जातात. पेट्रोलची नळी, ब्रेकच्या तेलाची नळी आणि विजेच्या तारा. बिटाचे टोक पत्रा फोडून एकदम पलीकडे झेपावते. ते पेट्रोलच्या नळीला लागले तर आग लागू शकते. ब्रेकच्या नळीला लागले तर ती गोष्ट त्या दिवशी कळणारही नाही. नळीवर नुसता ओरखडा पडेल. आठ दिवसांनी, महिन्याने, उतारावर ब्रेक दाबताना ती फुटेल. गाडीत त्या वेळी आपली मुलेबाळे असतील. तारेला लागले तर तिचे वेष्टन सोलले जाईल आणि ती लोखंडाला टेकून ठिणगी पडेल.

म्हणून चार गोष्टी कराव्यात.

पहिली : नळ्या आणि तारा अस्तरापूर्वी बसवल्या असतील, तर त्यांच्या जागेची खूण पुठ्ठ्यावर करावी. त्या खुणेवर भोक नको.

दुसरी : बॅटरीची तार सोडून ठेवावी. पेट्रोलची टाकी शक्यतो गाडीतून काढून दूर ठेवावी.

तिसरी : बिटाला अडसर लावावा. लाकडाचा लहान ठोकळा घ्यावा. त्याला मधोमध भोक पाडून तो बिटावर सरकवावा. बिटाचे टोक पाच-सहा मिलिमीटरच बाहेर राहील, एवढा लांब ठोकळा असावा. पत्रा फुटला की ठोकळा पत्र्याला टेकतो आणि बिट तेथेच थांबते. हा अडसर फुकट होतो, आणि केवढे संकट टाळतो!

चौथी : डोळ्यांना चष्मा लावावा. गाडीखाली झोपून वर भोक पाडताना लोखंडाचा कीस सरळ डोळ्यात पडतो.

गन शिरत नाही तेव्हा

भोक पाडले, पण गनला जागा नाही. कोपऱ्यात तिचे डोके भिंतीला अडते. अशा वेळी गन तिरकी धरून ओढू नये. शेपटावर एखादा लहान नट किंवा आखूड जाड नळीचा तुकडा चढवावा आणि त्याच्यावर गन टेकवावी. त्यामुळे गन थोडी मागे सरते आणि तिचे डोके अडचणीतून मोकळे होते. मात्र गनला धरण्यापुरते शेपूट शिल्लक राहिले पाहिजे. म्हणून हा तुकडा लहानच असावा. ओढण्यापूर्वी कड पत्र्याला पुरी टेकली आहे ना, हे बोटाने चाचपावे.

ड्रिल शिरत नसेल तर आखूड बिट घ्यावे. काटकोनात फिरणारे ड्रिलचे डोकेही बाजारात मिळते. ते बैठकीखाली आणि पायाजवळ फार उपयोगी पडते.

पत्रा बसवताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रिव्हेट मारत जाऊ नये. तसे केले की शेवटची भोके जुळत नाहीत. सगळ्या भोकांत आधी रिव्हेट नुसते घालून पाहावे. कोपऱ्यांत तात्पुरते स्क्रू लावावे. मग मधले रिव्हेट ओढावे, आणि मधून कडेकडे जावे.

तुटलेली शेपटे मोजावीत. एखादे पत्र्यामागे पडले तर गाडी चालताना ते खुळखुळते आणि माणूस दिवसभर आवाज शोधत बसतो. शेपूट लोखंडी असेल तर चुंबक दोरीला बांधून आत सोडावा. ते चिकटून वर येते.

उघडावे लागेल ते रिव्हेटने बंद करू नका

रिव्हेट म्हणजे कायमची गाठ. ती सोडता येत नाही. त्याच मापाच्या बिटाने डोके कातून काढावे लागते. तेव्हा प्रत्येक अस्तरापुढे थांबून विचार करावा. याच्या मागे दुरुस्तीचे काही आहे काय? ब्रेकच्या नळीचा जोड, तारांची पेटी, पेट्रोलचा पंप यांच्यावरचा पत्रा सुटणारा पाहिजे. तेथे स्क्रूच लावावे.

पण पत्रा पातळ. त्यात स्क्रूचे आटे लवकर झिजतात. मग मागे नट कसा धरायचा? त्यालाही उपाय आहे. आटे असलेले पोकळ रिव्हेट मिळते. त्याला रिव्हनट म्हणतात. ते पॉप रिव्हेटसारखेच एका बाजूने बसते, आणि आत नटासारखे आटे असतात. एकदा बसले की कितीही वेळा स्क्रू लावा, काढा. दुसरा उपाय कमी खर्चाचा आहे. सांगाडा उघडा असतानाच भोकामागे नट वेल्डिंग करून ठेवावा. ही वेल्डिंग मात्र पेट्रोलची टाकी गाडीत नसतानाच करायची.

खान्देशचे ऊन

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहूनही पुष्कळ तापतो. माघातल्या पहाटे तोच पत्रा गार असतो. धातू तापला की वाढतो. ॲल्युमिनियमचा एक मीटर लांब पत्रा ५० अंश जास्त तापला तर सुमारे १.१५ मिलिमीटर वाढतो. लोखंड तेवढ्याच उष्णतेने ०.६ मिलिमीटर वाढते. म्हणजे लोखंडी चौकटीवर ॲल्युमिनियमचे अस्तर लावले, तर दोघांत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक पडतो.

हा फरक जाईल कोठे? पत्रा मध्येच फुगतो आणि ‘टण्ण’ असा आवाज करतो. रोज असे झाले की रिव्हेटची भोके मोठी होतात. कूलरचा पत्रा उन्हात असाच वाजतो, हे तुम्ही ऐकले असेल.

उपाय असा. लांब पत्र्याच्या मधले भोक नेमके ठेवावे. दोन्ही टोकांची भोके कानशीने थोडी लांबट करावीत. तेथे रिव्हेटऐवजी वायसर घालून स्क्रू लावावे आणि ते फार आवळू नयेत. पत्रा मग थोडा सरकू शकतो. मोठ्या पत्र्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलकी घडीची रेघ पाडावी. त्याने पत्रा ताठ होतो आणि वाजत नाही.

गंज, आवाज आणि धार

ॲल्युमिनियम लोखंडाला टेकले आणि मध्ये पाणी शिरले, की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. दोघांच्या मध्ये रंगाचा थर पाहिजे. चौकटीला आधी तांबडा ऑक्साइड लावावा, वर रंग द्यावा. भोक पाडल्यावर कडा उघड्या पडतात. तेथेही रंगाचे बोट फिरवावे.

चौकट आणि अस्तर यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालावी. आवाज कमी होतो, पाणीही अडते. पट्टी पातळ असावी आणि तिची जाडी रिव्हेटच्या हिशेबात धरावी. इंजिनजवळच्या तापणाऱ्या पत्र्याला मात्र रबर लावू नये.

पत्र्याची उघडी कड विळ्यासारखी कापते. ती कानशीने घासावी किंवा दुमडावी. जेथून तार पत्र्यातून जाते, त्या भोकाला रबराचे कडे घालावे. नाहीतर गाडीच्या हादऱ्याने तार रोज थोडी थोडी कापली जाते.

गाडी झाली, आता रस्ता?

अस्तर बसले, गाडी झाली. म्हणून ती लगेच रस्त्यावर नेता येते काय? नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीवाचून कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक किंवा इतर कोणत्याही जागी चालवता येत नाही. नोंदणीसाठी गाडी ठरलेल्या नियमांत बसावी लागते, तिची तपासणी व्हावी लागते. ब्रेक, दिवे, चाके, सारे तपासतात. देवराष्ट्र्याच्या गाडीची अडचण हीच होती. कारागिराच्या हुशारीला त्याने उणेपणा येत नाही. पण रस्ता आपल्या एकट्याचा नसतो. त्यावर शाळेची मुले असतात, सायकलवाले असतात, बैलगाड्या असतात. अशी गाडी प्रदर्शनात दाखवावी, तिच्यावर विद्या शिकावी. रस्त्यावर न्यायची असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारावे.

मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता धुळ्यात एकमेकांना छेदतात. मालमोटारी दुरुस्त करणारी माणसे या रस्त्यांवर पुष्कळ आहेत. गावातल्या तरुणाने हे रिव्हेटचे काम नीट शिकून घेतले, तर ते गाडीपुरते राहत नाही. कूलर, धान्याची कोठी, ट्रॅक्टरचे छत, दुकानाची पेटी, सगळीकडे हीच विद्या चालते. गन, ड्रिल, चार बिटे आणि कानस एवढ्या सामानावर ती सुरू होते.

पत्रा लागला की मागचे काम झाकले जाते. मालकाला ते दिसत नाही, शेजाऱ्याला दिसत नाही. ते फक्त करणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून शेवटचे रिव्हेट ओढण्यापूर्वी बॅटरीवरचा दिवा घेऊन आत एकदा पाहावे. नळी मोकळी आहे काय, तार दबली नाही ना, हे पाहावे. मगच पत्रा बंद करावा.